सुगंधाची उत्तरपूजा

भाईंदर पश्चिमेच्या त्या जुन्या सोसायटीत सुगंधाला सगळे 'भोंगा' म्हणायचे. तोंडावर नाही, पाठीमागे. बाई चार घरचा स्वयंपाक करायची, पण पावसाचं पाणी गेटपाशी चढताना दिसलं की गॅस बंद करून खाली धावायची आणि तळमजल्याची दारं बडवायची. "चला वर! गाद्या राहू द्या, माणसं चला!" बहुतेक वेळा पाणी पायरीवरूनच परत जायचं आणि लोक हसायचे. हसोत बापडे.

रायगडातल्या तिच्या माहेरी ऐन गणपतीत नदी घरात शिरली होती. बाकीचे टेकडीवर गेले, धाकटा भाऊ धाकू मात्र मागे राहिला. बसवलेल्या बाप्पाला एकटं सोडायचं नसतं, एवढंच कारण. पाणी ओसरल्यावर तो खालच्या गावात सापडला.

तळमजल्यावरच्या मनोरमाकाकूंकडे ती पोळ्या लाटत असताना एकदा टीव्हीवर जगाचा नकाशा लागला होता. पुरात जिथे जास्त माणसं मरतात तो भाग गडद, आणि आपल्या बाजूला तर नुसता काळोख.

"पूर तिकडेही येतात गं," काकू नकाशावरच्या फिकट देशांकडे बोट दाखवत म्हणाल्या, "पण तिकडे आधी सांगायला येतात."

सुगंधाचं लाटणं थांबलं. "मग आमच्याकडं का नाय कोण आलं, काकू?"

काकूंनी टीव्ही बंद केला.

यंदा गणपतीच्या तिसऱ्या दिवशी पावसानं ताळतंत्रच सोडलं. काकूंच्या घरात घोटाभर पाणी, मुलगा स्वप्नील ऑफिसात अडकलेला, आणि काकू मखरासमोर खुर्चीत ठाण मांडून. त्यांचा गणपती पाच दिवसांचा.

"तू जा. मी ह्याला सोडून येणार नाही."

सुगंधानं हात जोडले, रागावून पाहिलं, काकू ढिम्म. पाणी खुर्चीच्या बैठकीला लागलं. तेव्हा तिनं ताटातल्या अक्षता उचलल्या, मूर्तीवर वाहिल्या आणि मूर्ती जागची हलवली. विसर्जनाआधी मूर्तीतल्या देवाला निरोप द्यायची उत्तरपूजा अशीच करतात. पण ती करतो घरचा यजमान, आरती वगैरे करून, ठरल्या दिवशी.

"अगं, काय केलंस हे!" काकू ओरडल्या.

"गेला बाप्पा. पाप लागलं तर मला लागू दे. आता कोणाला राखत बसताय? उठा!"

काकू रडत उठल्या. सुगंधानं त्यांना धरून, जिना चढवून दुसऱ्या मजल्यावर नेलं. संध्याकाळी खाली पाहिलं तर पाणी खिडकीच्या वर होतं. काकू रागानं अजून तोंड फिरवूनच बसल्या होत्या.

"तुला मंत्र तरी येतात का गं?" शेवटी त्यांनी विचारलं.

"नाय येत." आणि इतक्या वर्षांत कुणापुढे न रडलेली ती बाई हमसून हमसून रडायला लागली. "धाकूला कोणीतरी एवढंच करून उठवायला हवं होतं, काकू."

काकूंनी तिचा हात आपल्या ओल्या पदरात घेतला.

"पुढच्या वर्षी आमची उत्तरपूजा तूच कर," त्या म्हणाल्या.