छत पास झालं

बापूराव निमसरकार घरात शिरायच्या आधी काठीनं छत ठोकायचा. राजुऱ्याजवळच्या कोळसा खाणीत उभी हयात गेली, तिथली ही खोड. खाणीत सुरुंग उडाला की मायनिंग सरदार आधी आत जाणार, सळाखीनं छत ठोकून आवाज ऐकणार, पोकळ वाजलं नाही तर चुन्याची खूण करणार. मगच बाकीच्यांनी शिरायचं. "अजी, आपला स्लॅब खदान नाई होय," बायको सत्यशीला चिडवायची. पण गडी पक्का! खूण नसली तर साहेबाच्या बापाचंही ऐकणार नाही, आणि खूण दिसली की डोळे मिटून आत. म्हणूनच आपण जिवंत राहिलो, असं तो वस्तीला ऐकवायचा, आणि वस्ती बिचारी ऐकून घ्यायची.

त्याचा एकुलता एक मिथुन तेलाच्या जहाजावर इंजिनात कामाला. आखातात लढाई पेटली, जहाजांवर ड्रोन पडायला लागले, तसे विमा कंपन्यांनी हात वर केले. विम्याशिवाय मालक जहाज हलवेना. मिथुनचं जहाज आखाताच्या तोंडाशी नांगर टाकून पडलं. भाजी संपली, प्यायचं पाणी मोजून मिळू लागलं. सत्यशीला रोज संध्याकाळी विहारात मेणबत्ती लावून यायची.

ती तिकडे गेली असतानाच मिथुनचा फोन आला.

"बाबा, उद्या जहाज निघून राह्यलं. कॅप्टन म्हनते, ज्याले नाई जायचं त्याले उतरवून घरी धाडतो. मले भेव वाटते."

"विमा भेटला का?"

"भेटला ना. लय महाग भेटला म्हनतेत, पन भेटला."

बापूरावाचा जीव भांड्यात पडला. "मंग काऊन भेतं रे? एवढे पैशेवाले लोक, पाह्यल्याबिगर थोडीच सही करतीन? छत पास झालं समज. जाय बिनधास्त."

मिथुन हसला. बापाचा शब्द त्यानं कधी मोडला नव्हता.

जहाज निघालं. अर्ध्या वाटेत नेमका इंजिनावरच मार बसला. घरी प्रेतसुद्धा आलं नाही.

पुतणी पुनम चंद्रपुरात विम्याच्या ऑफिसात कामाला. ती भेटायला आली, तेव्हा बापूरावानं तिला अंगणातच गाठलं. "बाई, विमावाल्यानं तो रस्ता पाह्यला नव्हता का?"

"रस्ता बरा आहे असं ते कुठी म्हनतेत, मोठेबाबा? धोका वाढला का हप्ता वाढवतेत. जहाज गेलं तर मालकाले भरपाई भेटते. बस."

बापूरावाला तो फोन आठवला. महाग भेटला, पोरानं तर सांगितलं होतं! छत पोकळ वाजलं होतं, आणि जन्मभर छत ठोकून बढाया मारणाऱ्याला ते ऐकू आलं नाही.

आत सत्यशीला मिथुनचे शर्ट छातीशी धरून बायकांपुढे रडत होती. "त्याच्या सोबतचा, उतरून घरी आलेला पोरगा सांगे, कॅप्टननं साऱ्यायले विचारलं होतं. उतरता येत होतं वो! माह्या लेकराले जाय म्हनून कोनं म्हटलं? जळो त्याचं तोंड!"

बापूराव दाराकडे वळला. काठी अंगणातच राहिली. छत न ठोकताच तो आत शिरला आणि तिच्यासमोर उभा राहिला.

"मीनं म्हटलं," तो म्हणाला.