आठ दिवसांसाठी घरी आलेलं ग्राफिक्स कार्ड

एप्रिलमधल्या एका शनिवारी सकाळी कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या कॉम्प्युटरच्या दुकानदाराचा फोन आला.

"मॅडम, एक कार्ड आलंय. एवढं मोठं आपल्या दुकानात आजवर आलं न्हवतं. घेऊन जावा, आठ दिवस गेम लावून पिदडा आणि खरं काय ते सांगा."

मी एका कॉलेजात कॉम्प्युटर शिकवते आणि उरलेल्या वेळात गेम खेळते. पस्तिशी उलटली तरी खेळते. नवीन काही हाती आलं की ते तपासून त्याचा मराठीत व्हिडिओ करते. कोल्हापुरात आम्ही बायकाही 'मी येतो, मी करतो' असंच बोलतो, आणि व्हिडिओतही मी तशीच बोलते. त्यामुळं पुण्याकडची माणसं खाली हटकून विचारतात की ताई, 'करतो' का म्हणता? कार्डाबद्दल कमी आणि 'करतो'बद्दल जास्त चर्चा होते. पण चार-दोन हजार लोक बघतात आणि त्यातली काही या दुकानदाराची गिऱ्हाइकं आहेत.

त्याची अडचण खरी होती. पडद्यावरचं चित्र ज्याच्यामुळं उमटतं ते हे ग्राफिक्स कार्ड. ते जितकं ताकदीचं तितकं तापणार. "लोक विचारत्यात, कोल्हापूरच्या उन्हाळ्यात, बिनएसीच्या खोलीत चालंल का? मी काय सांगू? इंटरनेटवरची माणसं सगळी गारव्यात बसून तपासत्यात."

खोकं मोठं होतं आणि माझी स्कूटर लहान, म्हणून आप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, मागं बसवून नेलं. खरं तर त्यांना घराबाहेर काढायला मी निमित्तच शोधत होते. उद्यमनगरातल्या कारखान्यात चाळीस वर्षं लेथवर काम करून दोन वर्षांपूर्वी ते घरी बसले होते. घरातल्या सगळ्या दारांच्या बिजागऱ्यांना तीन-तीनदा तेल घालून झालं होतं. शेवटी आईनं तेलाची बुधली लपवून ठेवली.

दुकानात आप्पांनी कार्ड दोन्ही हातांवर घेतलं, थोडं वर-खाली तोललं.

"दोन किलोला जरा कमी."

"काका, जपून," दुकानदार काउंटरच्या पलीकडून म्हणाला.

"पंपाचं शाफ्ट उचलून ह्या हाताला घट्टं पडल्यात. काय होत न्हाय." मग त्यांनी किंमत विचारली. दुकानदारानं सांगितली. आप्पांनी कार्ड हळूच काउंटरवर ठेवलं. "एवढ्यात दोन म्हशी येत्यात. आणि त्या दूध देत्यात."

त्या कार्डाला माझ्या कॉम्प्युटरच्या पेटीतला वीजपुरवठा पुरला नसता, म्हणून दुकानदारानं नवा मोठा पॉवर सप्लायही उसना दिला. येताना आप्पा खोकं मांडीवर घेऊन बसले आणि प्रत्येक गतिरोधकाला मागून माझा खांदा दाबत राहिले.

घरी येऊन पेटी उघडली, कार्ड लावायला गेले, तर ते आत जाईना. पेटीच्या पुढच्या भागात जुन्या हार्ड डिस्क ठेवायचा पत्र्याचा कप्पा होता, त्याला टोक अडत होतं. मी आप्पांना म्हटलं, "परत देऊन येतो. बसत न्हाय." आप्पांनी खिशातली पट्टी काढून माप घेतलं.

"बोटभर जास्त हाय. कार्ड काय कापता येत न्हाय. पेटी कापता येती."

तो कप्पा रिव्हेट मारून बसवलेला होता. आप्पांनी आधी मला आतलं सगळं सामान काढायला लावलं, मग पेटी गॅलरीत नेऊन ड्रिलनं एकेक रिव्हेट उडवली. लोखंडाचा एक कण जरी आत राहिला आणि सर्किटवर पडला तर सगळं जळेल, हे मी त्यांना सांगायला गेले. त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की मी फडकी आणायला पळाले. मग ओल्या फडक्यानं, कोरड्या फडक्यानं आणि शेवटी लोहचुंबक फिरवून त्यांनी पेटी पुसली. दोन वर्षांत त्यांना इतकं मन लावून काही करताना मी बघितलं नव्हतं.

कार्ड बसलं. मी टाळी वाजवली. आप्पांनी काटकोन तपासायचा गुण्या आणून कार्डाला लावला आणि डोळा बारीक केला.

"टोकाकडं खाली आलंय."

"वजनानं येतंय आप्पा. सगळ्यांचंच येतंय."

"सगळ्यांचं येतंय म्हणून बरोबर असतंय व्हय?"

घरामागं पत्र्याच्या शेडमध्ये त्यांचा एक छोटा लेथ होता. निवृत्तीच्या वेळी हौसेनं घेतलेला आणि नंतर ताडपत्रीखाली गेलेला. त्या दुपारी ताडपत्री निघाली. तासाभरात त्यांनी ॲल्युमिनियमचा एक टेकू करून आणला. खाली रुंद बूड, मध्ये उंची कमी-जास्त करायला आटे आणि वरच्या टोकाला रबराची चकती. तो कार्डाखाली उभा केला, चार फेरे फिरवले, पुन्हा गुण्या लावला. आता कुठं त्यांचं समाधान झालं.

खरी तपासणी रविवारी दुपारी सुरू केली. बाहेर रणरणतं ऊन आणि खोलीत फक्त छताचा पंखा. वर्षभर खेळत असलेला एक गेम मी लावला. त्यात जंगल आहे, नदी आहे, नदीकाठी एक झोपडी आहे. माझ्या जुन्या कार्डावर तो नीट चालावा म्हणून मी सावल्या बंद ठेवायची, पाणी साधं ठेवायची. या कार्डावर सगळं पूर्ण चढवलं.

मी झोपडीत शिरले आणि थांबलेच. कुडाच्या फटींतून आलेलं ऊन जमिनीवर पट्ट्या-पट्ट्यांनी पडलं होतं. बाहेर झाड हललं की त्या पट्ट्याही हलत होत्या. या झोपडीत मी शंभरदा आले असेन, पण ती मला आज पहिल्यांदा दिसत होती. आकडे टिपायला घेतलेली वही मांडीवर तशीच राहिली. मागं आप्पा कधी येऊन उभे राहिले ते कळलं नाही.

"ही नदी फोटोतली हाय का?"

"न्हाय आप्पा, हे कार्ड काढालंय ती. आत्ता, आपल्यासमोर."

ते पडद्याकडं वाकले. "मासं हायत का?"

मी पाण्यात उतरून मासे दाखवले. त्यांनी खुर्ची ओढली.

अर्ध्या तासानं पेटीतून घर्रर्र असा आवाज येऊ लागला. आधी बारीक, मग चांगलाच. एवढ्या किमतीच्या कार्डाचा पंखा अर्ध्या तासात घरघरतो? आप्पा तोवर चहाला आत गेले होते. मी आवाज रेकॉर्ड केला, वहीत लिहिलं, 'पंखा सदोष, घेऊ नका' आणि त्याच तावात दुकानदाराला फोन लावला. तो म्हणाला, "तुम्ही म्हणताय म्हणजे असंल. पण एवढी बोंब मारायच्या आधी मला एकदा ऐकवा."

आप्पा चहाचा कप घेऊन आले आणि दारातच थांबले.

"बेअरिंग गेलंय कशाचं तरी."

"कार्डाचं."

"बघितलंयस?"

"आवाज येतोय की."

त्यांनी कप खाली ठेवला आणि लांब दांड्याचा स्क्रू-ड्रायव्हर आणला. त्याचं टोक त्यांनी कार्डाच्या बाहेरच्या कवचावर अलगद टेकवलं आणि मूठ कानाला लावली. कारखान्यात मशीनचं दुखणं ते असंच ऐकायचे. "हितं न्हाय." मग पेटीच्या मागच्या बाजूला, गरम हवा बाहेर फेकणाऱ्या पंख्याच्या चौकटीवर टोक ठेवलं. लगेच मान हलवली आणि मूठ माझ्या कानाला लावली. दाढ ठणकावी तसा आवाज कानात घुसला.

तो पंखा माझाच होता, सहा वर्षांचा. आजवर त्याच्यावर कधी एवढी गरम हवा फेकायची वेळ आली नव्हती. मी त्याची वायर काढली. खोली शांत झाली. कार्डाचे पंखे फिरत होते आणि त्यांचा आवाज छताच्या पंख्याहून कमी होता.

मला ओशाळल्यासारखं झालं. माझ्या एका वाक्यानं चार हजार लोकांनी त्या कार्डाला नावं ठेवली असती. आप्पा रागावले नाहीत. गार झालेला चहा पीत म्हणाले, "दुसऱ्याच्या जॉबमधी चूक काढायच्या आधी आपलं मापाचं गेज तपासायचं असतंय." मी दुकानदाराला पुन्हा फोन केला आणि माफी मागितली. तो इतक्या जोरात हसला की आप्पांनाही ऐकू गेलं.

पेटीच्या मागं नवा पंखा बसवला आणि पुढचा आठवडा मजेत गेला. रोज कॉलेजातून आले की दोन तास तपासणी. कार्ड तापायचं, पण बनवणाऱ्यानं घालून दिलेल्या हद्दीच्या आतच राहायचं. खोलीचे मात्र हाल व्हायचे. पेटीमागून येणारी झळ बघून आईनं तिसऱ्या दिवशी सांडग्यांचं ताट तिथं आणून ठेवलं. मी ओरडले, तर म्हणाली, "फुकट जातीय की ऊब." एकदा दिवे गेले आणि घरच्या इन्व्हर्टरनं एक किंकाळी फोडून जीव सोडला. कार्डाचा भार त्याला झेपलाच नाही. तेही मी वहीत लिहिलं.

आठव्या दिवशी कार्ड आणि व्हिडिओ घेऊन दुकानात गेले. लोकांना दाखवायच्या आधी दुकानदाराला दाखवावा असं वाटलं. त्यानं पूर्ण आवाजात लावला. मी त्यात म्हटलं होतं की कार्ड उत्तम आहे, कोल्हापूरच्या उन्हाळ्यात बिनधास्त चालतं, घामानं भिजता ते तुम्ही. पण साध्या पडद्यावर रोज दोन तास खेळणाऱ्याला याची गरज नाही, त्यानं याच्या निम्म्या किमतीचं घ्यावं आणि पेटीचं माप, पंखे आणि इन्व्हर्टर आधी तपासावेत.

व्हिडिओ संपला. दुकानदारानं शेवटचं वाक्य मागं नेऊन पुन्हा ऐकलं. त्यानं विश्वासानं दिलेल्या मालावर मी पाणी ओतलंय असं मला वाटू लागलं.

"मॅडम, तुम्ही तर घेऊ नका म्हणून सांगितलंय."

"गरज न्हाय त्याला."

"मग गरज असलेलं उरतंय कोण?"

"एखादं उरंल."

त्यानं डोकं खाजवलं, शेल्फकडं बघितलं आणि हसला. "मी तरी एकच आणलंय की. लावा जावा व्हिडिओ."

ते कार्ड पुढच्याच आठवड्यात गेलं. घेणारी बाई गेम खेळणारी नव्हतीच. घरं बांधायच्या आधी ती आतून कशी दिसतील याची चित्रं करून देणारी होती. तिच्या कामाला ही ताकद लागत होती. पैसे देताना तिनं विचारलं, "व्हिडिओत कार्डाच्या खाली उभं केलेलं ते काय होतं? तेपण द्या."

दुकानदारानं आप्पांना फोन लावला. मग आणखी तीन गिऱ्हाइकांनी टेकू मागितला, मग सहा जणांनी. दुकानदार म्हणाला, मापं कागदावर लिहून पाठवतो. आप्पांनी साफ नकार दिला. "कागदावरच्या मापावर मी काम करत न्हाय. पेटी डोळ्यानं बघणार, मग करणार."

तेव्हापासून मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी ते शर्ट इन करून, मापाचं व्हर्नियर खिशात घालून राजारामपुरीला जातात. परवा मी काही कामानं तिथं गेले, तर आप्पा एका पोरगेल्या इंजिनिअरच्या पेटीत डोकं घालून बसले होते.

"कार्ड झकास हाय," ते त्याला सांगत होते, "पण पेटीचा पत्रा लय पातळ घेतलायस. आणि मागचा पंखा बदल, बोलाय लागलाय त्यो."

"काका, तुम्हीपण गेम खेळता?"

"न्हाय," आप्पा मान वर न काढता म्हणाले. "पण रात्री जेवल्यावर पोरगीच्या शेजारी बसतो. ती पुढं कुठं वळायचं ते चुकती, मग सांगावं लागतंय."