भिंतीवरच्या म्हशीची झूल

गडमुडशिंगीहून सकाळी शहरात येताना बसमध्ये जागा मिळाली की मी झोपते, नाही मिळाली की बाहेर बघते. म्हणजे या रस्त्यावर मी जे काही बघितलं आहे, ते उभं राहून बघितलं आहे. एका बंगल्याच्या गच्चीवर विमानाच्या आकाराची पाण्याची टाकी आहे. एका चौकात बैलाला वाढदिवसाच्या शुभेच्छा देणारा फ्लेक्स लागतो. वर हार घातलेला बैल आणि खाली गॉगल घातलेले शुभेच्छुक. एका तालमीच्या भिंतीवर पैलवान रंगवलाय. त्याच्या मिशा दरवर्षी कुणीतरी नव्याने काळ्या करतं, त्यामुळे अंग विटत चाललंय आणि मिशा तेवढ्या तरुण आहेत.

शाहूपुरीत पंपांच्या दुकानात मी बिलं करते. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेली मी पहिली. आईवडिलांनी शिकवलं, शाळेतल्या बाईंनी मागे लागून पुढे पाठवलं, म्हणून आज पंख्याखाली बसून काम करते. हे मी विसरत नाही. पण पंख्याखाली बसूनही माणूस दमतं, हे घरी बोलता येत नाही. आई दिवसभर शेतात वाकून भांगलण करून, तण काढून आलेली असते. तिच्यासमोर पाठ दुखते म्हणायची लाज वाटते.

म्हणून संध्याकाळी बस येईपर्यंत मी भिंतीवरच्या म्हशीपाशी थांबायचे. शहर सुशोभित करायचं ठरलं तेव्हा परतीच्या थांब्याजवळच्या कंपाउंडच्या भिंतीवर एका रंगाऱ्याने म्हैस काढली होती. त्या भिंतीपुढे एक गवळीण मावशी रोज संध्याकाळी दोन म्हशी घेऊन येते आणि तिथल्या तिथे धार काढून फेसाळ दुधाचा ग्लास गिऱ्हाइकाच्या हातात देते. तिचीच थोरली म्हैस रंगाऱ्याने बघून काढली होती. डावं शिंग खाली वळलेलं, कपाळावर पांढरा ठिपका, कास भरलेल्या घागरीसारखी. काळ्यात त्याने निळा असा मिसळला होता की म्हैस नुकतीच पाण्यातून उठून आल्यासारखी दिसायची. तिच्यासमोर उभं राहिलं की दिवसभराचे आकडे डोळ्यांतून उतरायचे.

उन्हाळ्यात मावशीच्या थोरलीचं दूध अचानक कमी झालं. जनावरांचा डॉक्टर इंजेक्शन देऊन गेला, तरी फरक दिसेना. धाकटी पहिलारू, पहिल्याच वेताची, तिचं दूध जेमतेम. मावशीचं घर थोरलीवरच चालायचं.

"नजर लागलीया," मावशी म्हणाली.

"कुणाची?"

"कुणाची म्हंजे? सगळ्या गावाची! आमी गिऱ्हाइकाकडं पाठ करून धार काढतो, चरवीवर फडकं टाकतो. आन् ह्या बाबानं कास अशी उघडी रंगवून ठेवलीया, रातंदिस. येणारा-जाणारा बघतोय की."

दूध झाकायचं असतं हे मला लहानपणापासून माहीत होतं. पण आमच्या गावात कुणी म्हशीचं चित्रच काढलेलं नव्हतं, त्यामुळे चित्रातली कासही झाकावी लागते हा प्रश्न कधी आला नव्हता. मावशीने रविवारी चुना फासायचं ठरवलं होतं. तिचा दीर बादली घेऊन येणार होता.

"मावशी, पुसू नका."

"मग काय करू? तू घेतीस व्हय माझी म्हस दत्तक?"

तिच्या चुलीपुढे माझ्या आवडीचं काय मोल? पण बस समोर येऊन थांबली तेव्हा सुचलं. "तिला झूल घालू या. दिवाळीत म्हशी नटवता तेव्हा घालता तशी. कास झाकली म्हणजे झालं ना?"

मावशीने चित्राकडे बघितलं, मग माझ्याकडे. "घालणार कोण? रंगारी तर काम उरकून गेला."

"मी घालते."

शाळेत चित्रकलेच्या परीक्षा दिल्या होत्या, तेवढाच काय तो आधार. रविवारचं धुणं आईवर टाकून मी रंगाचे डबे घेऊन आले. दीर चुन्याची बादली घेऊन आलाच होता. जमलं नाही तर हाताशी असावी म्हणून मावशीने ती तिथेच ठेवून घेतली.

जरा वेळात माणसं थांबायला लागली.

"ताई, कुठला पक्ष म्हणायचा?" मोटारसायकलवरच्या एकाने विचारलं.

"दुधाचा," मावशी म्हणाली. "ग्लास घे, न्हाईतर वाट धर."

लाल झूल, पिवळी किनार. मी पोटापर्यंत आणून थांबले.

"अजून खाली. सड दिसतंय."

आणखी खाली आणली.

"अजून. त्या कडंचं बी दिसतंय की."

शेवटी झूल खुरांना टेकली. म्हैस परकर नेसून उभी राहिल्यासारखी दिसायला लागली. तो ओला निळा सगळा लालाखाली गेला. शिंगं, ठिपका आणि डोळे तेवढे रंगाऱ्याचे उरले. ज्याच्यासाठी मी धडपडत होते ते माझ्याच हाताने झाकलं गेलं होतं. खांदा भरून आला होता. दीर बादली उचलून निघून गेला.

सोमवारी धारेचा आवाज रिकाम्या भांड्यावर वाजावा तसाच आला. चार-सहा दिवसांनी तो जरा जड झाला. मग रोज थोडं थोडं दूध वाढत गेलं. पहिल्यासारखं नाही, पण घर चालेल इतकं. डॉक्टर मध्ये परत येऊन गेला होता. मावशीने त्याचं नाव काढलं नाही आणि मलाही काढावंसं वाटलं नाही.

एका संध्याकाळी तिने मला न विचारता ग्लास पुढे केला. मी भिंतीला टेकून दूध प्यायले. आता बघायला लाल रंगच जास्त होता.

"धाकटीला बी काढ की शेजारी," ती म्हणाली. "थोरली एकटीच दिसतीया."

"रविवारी धुणं असतं मावशी."

"मग म्होरल्या रईवारी काढ. पर झूल घालूनच काढ."

बस आली. मी हो म्हणाले आणि चढले. बसायला जागा मिळाली.