चार दातांसाठी

माझा राग नाकावर असतो हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं, आणि दादाचा हात माझ्या रागापेक्षा चपळ होता. आम्ही दोघं एका टोळीत असायलाच नको होतो. पण भंडाऱ्याकडच्या आमच्या गावातून भिलाईला आधी तो आला, मागून मला ओढून घेतलं आणि कारखान्याचं लोखंड चढवण्याचं काम घेतलेल्या एका कंपनीत खलाशी म्हणून चिकटवून दिलं. खलाशी म्हणजे क्रेनला माल बांधायचा, सोडायचा, वर चढून जोडायचा.

दादा सिग्नलवाला होता. क्रेनचा ड्रायव्हर उंच बसलेला. त्याला खालचं निम्मं दिसत नाही आणि बोललेलं काहीच ऐकू येत नाही. दादा दोन्ही हातांनी खुणा करायचा आणि शिट्टी समोरच्या दातांत धरून ठेवायचा. हात गुंतलेले, म्हणून आठ तास शिट्टी दातांनीच सांभाळायची. आमच्या टोळीत हे काम त्याच्याइतकं कुणाला जमत नव्हतं आणि त्याला त्याचा गर्वही होता.

उन्हाळ्यातल्या एका दुपारी मी टांगलेल्या गर्डरखालून चालत गेलो. दुसरं काही कारण नव्हतं, वळसा घालायचा कंटाळा आला होता. दादाने क्रेन थांबवली, आला, आणि सगळ्या टोळीसमोर माझ्या कानशिलात ठेवून दिली.

"मराचं आहे का बे? मायले काय तोंड दाखवू मी?"

मी गप्प राहिलो असतो. पण त्याने दुसरी ठेवून दिली आणि कुणीतरी हसलं. माझ्या मुठीत बोटाएवढा जाड बोल्ट होता, तो खाली टाकायचंही मला सुचलं नाही. मी तशीच मूठ त्याच्या तोंडावर हाणली. सुपारी फुटल्यासारखा आवाज झाला. वरचे समोरचे चार दात गेले. दोन मातीत पडले, दोन मुळाशी तुटून लोंबत राहिले. शर्टाचा पुढचा भाग बघता बघता लाल झाला.

गर्डर अजून हवेतच होता. दादाने खाली वाकून आधी शिट्टी शोधली, रक्ताने भरलेल्या तोंडात घालून पाहिली, ती घसरली. मग एका हाताने शिट्टी ओठांवर दाबून आणि दुसऱ्या हाताने खुणा करून त्याने तो गर्डर खाली आणला. तेवढं झाल्यावर तो वाळूच्या ढिगावर बसला आणि थुंकायला लागला. मला पळून जावंसं वाटत होतं आणि त्याच वेळी त्याला आणखी एक मारावीशी वाटत होती, हेही खरंच सांगतो.

कामावर हात उचलणाऱ्याचा गेटपास त्याच दिवशी फाडत. टोळीतले सगळे आमच्याच भागातले, कुणी तोंड उघडलं नाही. दादाने फोरमनला सांगितलं की सुट्टी झाल्यावर घरी मोरीत घसरलो.

इथे कंपनीची दातांची योजना सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यामुळे घडलं. आमच्या पगारातून दर महिन्याला दवाखान्याचे पैसे कापत. दात दुखला की टाइमकीपर चिठ्ठी देई, ती घेऊन दुर्गच्या एका डॉक्टरकडे जायचं. डॉक्टर चिठ्ठीवर काय केलं ते लिहून कंपनीला पाठवणार आणि पैसे तिकडून घेणार. आम्हाला वाटायचं, पैसे कापले म्हणजे सगळे दात कंपनीचे.

डॉक्टर दुर्गच्या जुन्या मराठी घरातले, शांत आणि तिरकस. मी दादाला सायकलवर डबल सीट नेलं होतं. त्यांनी त्याचा ओठ उलटा करून पाहिला. बोल्टचे आटे ओठावर उमटलेले होते.

"तुमच्या मोरीला आटे आहेत का?" त्यांनी विचारलं.

दादा छताकडे बघत राहिला. मी त्याच्या शेजारी टॉवेल धरून उभा होतो.

मग डॉक्टरांनी लहान मुलांना सांगावं तसं सांगितलं. दात काढण्याचे पैसे कंपनी देते. दात भरण्याचे देत नाही. नवे दात दोनच प्रकारांत देते: कामावर इजा झाली असेल तर जितके गेले तितके, पण ते कसं झालं, कुणामुळे झालं, सगळं लिहून द्यावं लागतं. नाहीतर तोंडात एकही दात उरला नसेल तर पूर्ण कवळी. घरी पडून चार गेले, तर ते चार तुमचे तुम्ही बसवायचे.

"आता नीट आठवून सांगा," ते दादाला म्हणाले, "कुठे पडलात?"

"मोरीत," दादा म्हणाला.

तेव्हा मी बोलायला हवं होतं. जीभ टाळूला चिकटली होती असं म्हणून मी आजवर स्वतःला सोडवत आलो, पण जीभ चांगली मोकळी होती. मला नोकरी हवी होती. डॉक्टर म्हणाले, चार दात मी हप्त्याने करून देतो, मागच्या दातांना तारेने बांधून पक्के बसवीन. दादाने नकारार्थी मान हलवली.

"दर महिन्याले कापून राहिले ना? मंग पुन्हा खिशातून कायले द्याचे?"

कामावर शिट्टी राहीना. ओठांनी धरली तरी घाम आला की सुटायची. एकदा ती सुटली आणि बीम एका माणसाच्या खांद्याला घासून गेला. फोरमन पंजाबी होता, मनाने वाईट नव्हता. त्याने दादाला गोदामात बसवलं आणि सांगितलं, "दशहरे तक मुँह ठीक कराके आओ. उसके बाद जगह दूसरे की."

आठवडाभर दादाने गोदामात बोल्ट मोजले. मग एका रविवारी सकाळी सेक्टर सहामधल्या आमच्या क्वार्टरच्या मागच्या अंगणात त्याने मला बोलावलं. हातात वहिनीची कपडे धुवायची मोगरी होती.

"बाकीचे काढाचे आहेत, मंग पुरी कवळी कंपनीच देते. डॉक्टर चांगले दात काढत नाई म्हणते. हलले तंच काढतो म्हणते. मार."

मी मोगरी फेकून दिली. त्याने ती उचलून आणली. मी नाही म्हणत होतो आणि तो बोलत सुटला. मी आळशी, मी आयतं खाणारा, गावात मला कुणी बैल राखायलाही ठेवलं नसतं. मला माहीत होतं तो मुद्दाम चिडवतो आहे. माझ्या अंगाचा तिळपापड होत होता. शेवटी तो म्हणाला, "त्या दिवशी गर्डर खाली सोडला असता तं बरं झालं असतं," आणि मी मारलं. खालचे दोन तुटले, एक आत वळला. दुसऱ्यांदा मी मोगरी उचलली होती तेव्हा वहिनी धावत आल्या.

"भाऊजी, काय करून राहिले तुमी?"

"मीच सांगतलं त्याले," दादा रक्त गिळत म्हणाला. "तू आत जाय."

वहिनींनी मोगरी माझ्या हातातून हिसकावली आणि त्याच मोगरीने माझ्या पाठीत दोन घातल्या. मी उभा राहून खाल्ल्या.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी दादाचं तोंड पाहिलं, मग माझे हात पाहिले आणि बराच वेळ आपले हात धूत राहिले. "हे असं दर आठवड्याला फोडून आणणार का?" त्यांनी विचारलं. दादाने हो म्हटलं. ते शिव्या देणारे गृहस्थ नव्हते, त्या दिवशी एक दिली. मग भुलीची सुई भरली. "फोडून आणण्यापेक्षा मी काढतो," ते म्हणाले.

सहा-सात आठवडे दर सोमवारी आम्ही दुर्गला गेलो. कधी तीन दात, कधी चार. दादाचे मागचे दात असे रुतलेले होते की डॉक्टर एक पाय खुर्चीला लावून ओढायचे, आणि मी मागून दादाचं डोकं छातीशी आवळून धरायचो. सुईचा असर उतरला तरी दात पुरता बाहेर आलेला नसायचा. दादाच्या घशातून गुरासारखा आवाज यायचा. चिमट्यात दात सुटण्याआधी जबड्यात कडकड होई ती माझ्या छातीला जाणवायची. एकेक पांढरा, घट्ट, कीड नसलेला दात ते पत्र्याच्या ताटलीत टाकत आणि चिठ्ठीवर 'हलणारा' असं लिहीत. घरी जाताना दादा माझ्या मागे बसून रस्ताभर लाल थुंकायचा. एकदा एक सायकलवाला हसून "बोळका" म्हणाला. मी सायकल टाकून त्याला नालीत पाडला आणि दादाने मागून ओढेपर्यंत मारत राहिलो. खरं तर मला मीच सापडत नव्हतो मारायला.

डॉक्टरांनी अनेकदा विचारलं, एवढी कवळीची घाई कशाला? आम्ही शिट्टीचं काही सांगितलं नाही. दादाची पक्की समजूत होती की डॉक्टर कंपनीकडून पैसे घेतो म्हणजे कंपनीचा माणूस; शिट्टीचं कळलं तर 'कामाला नालायक' असं त्याच चिठ्ठीवर लिहून पाठवील. मलाही ते पटलं होतं. म्हणून "जेवाले तरास होते" एवढंच सांगायचं ठरलं.

दसऱ्याच्या चार दिवस आधी कवळी आली. कंपनीने एक पैसा मागितला नाही. दादा पानवाल्याच्या आरशात स्वतःला बघून आला, वहिनी लाजल्या, आणि दुसऱ्या दिवशी तो पाळीवर गेला. फोरमनने शिट्टी हातात दिली. दादाने ती समोरच्या दातांत धरली, हात वर केले आणि चावली. वरची कवळी मागून सुटून पुढे आली आणि शिट्टीसकट सिमेंटवर पडून तिचे दोन तुकडे झाले. ड्रायव्हर वरून बघत होता, त्याने काही उचललं नव्हतं म्हणून बरं.

डॉक्टरांनी तुकडे हातात घेतले. शिट्टीचं ऐकून ते पेशंटच्या खुर्चीतच बसले.

"समोरच्या दातांत काही धरायचं होतं, हे आधी का नाही सांगितलंत? पूर्ण कवळी तिथे टिकतच नाही. मागचे दात होते तेव्हा चार दात बांधून दिले असते, त्यात शिट्टी राहिली असती. मी पहिल्या दिवशी तेच म्हणत होतो."

तेव्हा मी बोललो. मीच मारलं, कामावर मारलं, पाळी चालू असताना. दादाने उठून माझ्या थोबाडीत अशी दिली की भिंतीवर डोकं आपटलं. डॉक्टरांनी तुकडे ताटलीत ठेवले.

"पहिल्या दिवशी लिहून दिलं असतंस तर ते चार कंपनीने बसवले असते," ते मला म्हणाले. "आता लिहिलं तर तुझी नोकरी जाईल. याला कवळी मिळालीच आहे, आणखी काही मिळणार नाही."

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी फोरमनने दादाला गोदामात कायमचं टाकलं आणि सिग्नलच्या जागेसाठी टोळीत कोण आहे असं विचारलं. खुणा दादाच्या खालोखाल मलाच येत होत्या. मी नाही म्हटलं, मागे सरकलो. दादा गर्दीतून आला. त्याने बाजारात बैलाचं तोंड उघडतात तसा माझा जबडा दोन्ही हातांनी धरून उघडला, अंगठे हिरड्यांत रुतवले आणि माझं तोंड फोरमनकडे वळवलं.

"पाहा साहेब," तो बोळक्या तोंडाने म्हणाला, "याचे पुरे आहेत."