फोनचा संशय

कंपनीच्या सेंटरवर म्हणाले, बॅटरी बदलू, पण आधी फोनमधलं सगळं पुसावं लागेल. माझ्या दोन वर्षांच्या प्रयोगांचे फोटो त्यातच होते. म्हणून सेक्टर बावीसमधल्या, फोन दुरुस्त करणाऱ्या नेहमीच्या सरदारजींकडे गेले. ते माणसांशी कमी, फोनशी जास्त बोलतात. "खुल जा, पुत्तर," म्हणत त्यांनी बॅटरी बदलली. मी पासवर्ड टाकताना सवयीप्रमाणे भिंतीकडे तोंड करून बसले. फोटो सगळे जागेवर! जीव भांड्यात पडला. तेवढ्यात इशारा झळकला: बॅटरी अस्सल असल्याची खात्री नाही.

"ज़ोर से पढ़िए जी." हा इशारा ते प्रत्येक गिऱ्हाइकाला मोठ्याने वाचायला लावतात. मी वाचला, जरा चाचरतच. त्यांनी स्वतःचा फोन पुढे धरला. त्यावरही तोच इशारा होता.

"तीन साल से इसको भी शक है," ते म्हणाले.