वादळांच्या बेटावरची मारिसेल

अर्धांगवायूचा झटका आल्यावर ह्यांना इथे आखातात सलमानियाच्या हॉस्पिटलात ठेवलं, त्याला बारा दिवस झाले तेव्हा मी बुद्धवंदना म्हणणं सोडलं. अकोल्याच्या विहारात आईच्या मांडीवर बसून शिकलेले शब्द होते ते. पण उजवं अंग लुळं पडलेल्या नवऱ्याच्या उशाशी तोंडातून निघेनात. बुद्ध नवसाला पावणारा देव नाही, हे मला पक्कं ठाऊक. मग मागायचं कुणाकडे? आणि मागायचं नसेल तर म्हणायचं कशाला? एसीच्या कामासाठी जुफैरच्या उंच इमारतींच्या गच्च्या पालथ्या घालणारा माझा माणूस भिंतीकडे तोंड करून पडून असायचा. व्यायामाचं नाव काढलं की हे म्हणायचे, "राहू दे गं. खलास झालं सगळं."

व्यायाम करून घ्यायला मारिसेल यायची. फिलिपिन्सची, चाळिशीची, ठेंगणी बाई. हे साथ देत नसत, तरी ती रोज सकाळी त्यांचा हात उचलून धरायची आणि कामापुरत्या हिंदीत बोलत राहायची. तिच्या बेटावर म्हणे माणसं वर्षं वादळांनी मोजतात. आजीच्या वादळात चर्चचं छप्पर उडालं नि समुद्र भाताच्या शेतात शिरला. आईचा जन्म दुसऱ्या एका वादळानंतर, आसरा घेतलेल्या शाळेच्या वर्गात झाला. मारिसेल दहा वर्षांची असताना आलेल्या वादळानं तिचा धाकटा भाऊ नेला. प्रत्येक वादळाला नाव असतं. जे फार माणसं नेतं, त्याचं नाव पुन्हा कुठल्याच वादळाला देत नाहीत. "घर मात्र दर वेळी पुन्हा बांधतात," ती म्हणाली, "थोडं आणखी वर, टेकडीच्या बाजूला."

एका सोमवारी ती आली ती बातमी घेऊनच. तिच्या बेटावर पुन्हा मोठं वादळ धडकलं होतं. म्हातारी आई तिथेच, आणि रविवारपासून फोन लागत नव्हता. तरी तिनं ह्यांचा हात उचलला. मला राहवेना. "मारिसेल, आज सुट्टी घ्यायचीस ना."

"रूमवर बसून काय करू, मॅडम? वादळ माझ्या हातात नाही. सरांचा हात आहे." मग ह्यांच्याकडे वळून म्हणाली, "यल्ला सर, चला. एक..."

ह्यांनी भिंतीकडची मान वळवली आणि कितीतरी वेळ तिच्याकडे पाहत राहिले. मंगळवारी आकडे हे स्वतःच मोजू लागले. जीभ जड, 'चार' धड उमटेना, पण थांबेनात. बुधवारी ती यायच्या आधीच मला म्हणाले, "बसव मला."

गुरुवारी मोजणी चालू असतानाच तिचा फोन वाजला. दोनच मिनिटं बोलली आणि पलंगाशेजारच्या खुर्चीत मटकन बसली. घर गेलं होतं. आई सुखरूप होती. इतके दिवस न रडलेली ती बाई हुंदके देऊन रडू लागली. मी पाणी ओतायला वळले आणि परत पाहते तर ह्यांचा उजवा हात चादरीवरून उठला होता, कुणी न धरता. तिच्या खांद्यापर्यंत काही पोचला नाही. तिच्या कोपरापाशी टेकला.

"बांधू... पुन्हा," हे म्हणाले.

डॉक्टर म्हणाले, या सुमारास अशी हालचाल सुरू होऊ शकते. असेलही. मी त्यावर वाद घालत नाही.

त्या दुपारी ईसा टाउनला घरी आले आणि मुलीची स्कूलबस यायच्या आधी त्रिशरण म्हटलं, 'बुद्धं शरणं गच्छामि'. आयुष्यभर म्हणत आले, पण त्यात आपण 'शरण जातो' म्हणतो, हे त्या दिवशी पहिल्यांदा ध्यानात आलं. जायचं म्हणजे स्वतः पाय उचलावे लागतात. आपल्या हाती नाही ते सोडून द्यायचं, आणि जे आहे ते घट्ट धरून कामाला लागायचं. मी मात्र शरण जाणं म्हणजे हातपाय गाळून बसणं समजत होते.

हे आता काठी घेऊन चालतात. उजव्या हाताने जेवतात, पेन अजून धरता येत नाही. रोज प्रयत्न चालू आहे. मारिसेल रजेवर जाऊन आईचं घर उभं करून आली. मी कुणाकडे काही मागितलं नव्हतं. तरी स्वतःची आई जिवंत आहे की नाही हे ठाऊक नसताना एक परकी बाई रोज सकाळी माझ्या माणसाचा हात उचलायला आली. वंदना संपली की मी लगेच उठत नाही. तिचं नाव मनात घेते, आणि मगच दिवसाच्या कामाला लागते.