आत्याबाईंसोबत पाहिलेला युरोप

कूलरमधल्या ओल्या वाळ्याचा वास आला की अजूनही माझे पाय चुळबुळायला लागतात. नव्वद सालचा तो मे महिना, बीडच्या एका कॉलेजात युरोपच्या कलेचा आठ दिवसांचा वर्ग. केजहून सून एकटी कशी जाणार, म्हणून सासूबाई, म्हणजे आमच्या आत्याबाई, सोबत आल्या. त्यांना पटलं नाही तर दुसऱ्या दिवसापासून मी घरी, असं ठरलेलं.

कूलर लावलेल्या वर्गात अंधार झाला आणि पहिल्याच स्लाइडला भिंतभर संगमरवरी बाई उभी राहिली. कमरेच्या वर चिंधी नाही! मी, घरातली मोठी शिकलेली सून, पदराचं टोक चावत कधी दाराकडे तर कधी आत्याबाईंकडे बघत होते. गेला आपला युरोप!

आत्याबाई पुढं वाकल्या. "अगं, हिला हात कावून न्हाईत?"

"तुटलेत, आत्याबाई."

"अगं बया! मग पदर सावरंल तरी कशी बिचारी?" जरा थांबून म्हणाल्या, "उद्या लवकर निघू. मागून नीट दिसत न्हाई."

परवा नातीनं विचारलं, "आजी, कशी होती गं ती मूर्ती?"

काय सांगू? मूर्ती आत्याबाईंनी पाहिली. मी पाहिलं ते सासूचं तोंड.